एका दाण्याचं अंतर

विमानात पाऊल न ठेवता माझ्या धाकट्या मामांइतका विमानप्रवास केलेला माणूस उभ्या कर्जत तालुक्यात सापडायचा नाही. कशेळ्याला त्यांची भातशेती होती आणि ओटीवर पृथ्वीचा एक गोल होता. माथेरानच्या कुणा साहेबाचा बंगला मोडीत निघाला तेव्हा लोकांनी पलंग-कपाटं आणली, मामांनी हा गोल आणला. त्यावरच्या खंडांचं मात्र त्यांना कौतुक नव्हतं. मुंबईहून दिल्लीला उडणं म्हणजे त्यांच्या लेखी एस.टी.च, खाली जमीन असतेच. खरं उडणं एका बेटावरून दुसऱ्या बेटावर. "मधी टेकाया जागा नाय रं," ते डोळे मोठे करून सांगत, "चुकला की पान्यात!" मोजायची त्यांची रीतही घरचीच. दोन ठिपक्यांमध्ये दोरा ताणायचा आणि त्याच्या कडेनं कोलम तांदळाचे दाणे मांडायचे. एक दाणा उडायला विमानाला एक पान चघळून होईतो वेळ लागतो, हा हिशेब त्यांनी कुठून काढला ते देवच जाणे. लांब दाण्याचा बासमती त्यांना चालत नसे. ते लबाड माप. ओटीवर आलेल्या माणसाला ईस्टर बेटापासून ताहिती किती पानांवर आहे हे ऐकल्याशिवाय चहा मिळत नसे. स्वतः मामा कर्जतला जायला निघाले की बहुधा एस.टी.ची धूळ तेवढी पाहून परत येत. "समिंदरापार येळेवर पोचतात," मामी म्हणायची, "ह्यो फाटा तेवढा लांब पडतो."

मग त्यांच्या एकुलत्या एका लेकीला, आमच्या शालूताईला, स्थळ आलं. मुलगा गुणी, नोकरी सरकारी, ताईलाही पसंत. पण नोकरी कार निकोबारला. आधी पोर्ट ब्लेअर गाठायचं आणि तिथून पुन्हा विमान. जगातली सगळी बेटं हिंडलेल्या मामांनी गोलावर फडकं टाकलं. ना होकार, ना नकार. ताई झुरून अर्धी झाली आणि शेवटी तिनंच मामांना सांगून टाकलं, "दादा, एवढ्या लांब जायाचंच नाय मला."

त्या संध्याकाळी मामांनी फडकं काढलं. "हितं ये गं बाय. ह्ये पोर्ट ब्लेअर. ह्ये तुजं घर." दोन ठिपक्यांमध्ये त्यांनी दाणा धरला. बरोब्बर एकच बसला. "बग, पान संपायच्या आत पोचशील. ह्याला काय लांब म्हनतात?" ताई डोळे पुसत हसली. मी जवळून पाहिलं, दाणा बासमतीचा होता. मामा मला इतके कधीच आवडले नव्हते. तरी खोडी काढायची सवय; मी विचारलं, "आणि कर्जत ते पोर्ट ब्लेअर?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी मुकाट्यानं पाणी प्यायला आत गेलो.

लग्न झालं, ताई निघाली. पोर्ट ब्लेअरहून पुढचं तिचं ते शेवटचं विमान ज्या दुपारी होतं, त्या दुपारी मामा पान लावून ओटीवर बसले. ऊन कललं, चहा तसाच निवला, गुरं घरी आली. मामी बाहेर येऊन म्हणाली, "थुका की आता त्ये. चोथा झाला आसंल."

मामांनी मान हलवली. "थांब गं," गालातलं पान सांभाळत ते म्हणाले, "आजून उतरली नसंल."