रानाच्या बदल्यात शेअर

कंपनी विकली गेली की किस्से किती साठतात, विचारू नका! हसत सांगायला बसावं आणि शेवटाला हसू येऊ नये, असले किस्से.

आमची कंपनी पंपांची, इंदापूर रस्त्यावरची. सांगवीच्या सर्जेराव तात्यांचं रान थोरल्या शेठनी कंपनी उभारायला घेतलं ते शेअरच्या बदल्यात. आम्हा कामगारांनाही थोडे थोडे शेअर दिले. शेठ गेले, मुलानं आपला मोठा वाटा मुंबईच्या पार्टीला विकला. नव्या मालकाला आम्ही किरकोळ लोक नको होतो. आमचे शेअर रद्द करून पैसे हातावर ठेवायचे, असा ठराव आला.

तात्यांना पैसे नकोच होते. "माझ्या रानात मी पाव्हणा व्हनार न्हाय," एवढंच म्हणायचे.

*

तात्यांना घेऊन बारामतीत वकिलाकडे गेलो.

"मी इकनारच न्हाय, तर ह्ये घेनार कसं?"

"तुम्ही नाही विकलं तरी घेता येतं, तात्या."

"म्हंजी चोरी?"

"छे छे! कायद्यात तरतूद आहे."



*

शेअरचा दर काढायला एक व्हॅल्युएशनवाले साहेब आले. तात्यांनी त्यांना चहा पाजला आणि विचारलं, "दर काडता कसा?"

"पुढच्या काही वर्षांत कंपनी किती कमवेल, त्यावर."

"म्हंजी फुडं लई चांगलं दिस हायती?"

"हो, खूपच!"

"मग आमालाबी ठिवा की त्यात!"

साहेबांनी कप खाली ठेवला आणि लॅपटॉप उघडला.

*

आता मतदान. तात्यांची हयात साखर कारखान्याच्या आणि सोसायटीच्या निवडणुकांत गेलेली. तिथं एका सभासदाला एक मत. त्याच हिशेबानं म्हातारा सांगवी, कन्हेरी, वालचंदनगर घरोघरी फिरला. सभेला हॉल गच्च! ठराव वाचला, तात्या ओरडले, "इरोधात हात वर!" सगळा हॉल हात वर करून उभा. पुढच्या खुर्चीत मालकाचा एकच माणूस, मोबाईल बघत बसलेला.

सेक्रेटरी म्हणाला, "ठराव मंजूर."

"आरं, हात मोज की!"

"तात्या, कंपनीत माणसं मोजत नाहीत, शेअर मोजतात."

"मग मानसं बोलावली कशाला?"

सेक्रेटरीनं कागद गोळा केले. मला तर तिथंच रडू आलं.

*

मग मुंबईच्या न्यायाधिकरणात हरकत घेतली. सुनावणी व्हिडिओवर. तात्या धुतलेला फेटा बांधून माझ्या मोबाईलसमोर उभे राहून बोलले. रान, विहीर, शेठनी दिलेला शब्द, सगळं. घरातल्या बायका डोळे पुसत होत्या.

तेवढ्यात तिकडून आवाज आला, "तुमचा माईक बंद आहे. पुन्हा बोला."

तात्या खाली बसले. "आता न्हाय येनार तसं," म्हणाले.

हरकत फेटाळली. शेअर गेले.

*

कंपनीत दसऱ्याला मशिनांची पूजा होते. रानाचा धनी म्हणून नारळ तात्यांनी फोडायचा, हा शेठच्या वेळचा रिवाज. यंदा बोलावणं नव्हतं. तरी तात्या नारळ घेऊन गेटवर गेले, सोबत मी.

वॉचमन नवा, बाहेरगावचा. अदबीनं म्हणाला, "आजोबा, कुणाला भेटायचंय?"

तात्या गेटातून आत बघत राहिले. मग म्हणाले, "माझ्या रानाला."

वॉचमननं आत फोन लावला. "साहेब, एक आजोबा आलेत. त्यांच्या रानाला भेटायचंय म्हणतात."

फोनमधला आवाज आम्हालाही ऐकू आला.

"डिपार्टमेंट कुठलं, विचार."