दीड इंच कमी पडलेला टप

मोटारीचा कापडी टप दीड इंच कमी पडत होता. अण्णानं पुढून ओढून पाहिला, मी मागून सैल सोडून पाहिला, तरी कमीच. उत्तय्यासाहेब बाजूला उभे होते. डोक्यावरची टोपी काढून त्यांनी बॉनेटवर ठेवली आणि विचारलं, "म्हणजे माझ्या बहिणीनं इंग्लंडहून चुकीचा माल पाठवला?"

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. बेंगळुरात जे. सी. रोडच्या मागच्या गल्लीत आमचं गाड्यांच्या सीटकव्हरचं दुकान होतं. आमचं घराणं शिंप्याचं. पूर्वजांनी तंबू शिवले, आजोबांनी टांग्यांचे टप शिवले, वडील मोटारींकडे वळले. वडिलांनंतर थोरला भाऊ, म्हणजे अण्णा, दुकान बघायचा. गिऱ्हाइकांशी बोलणं, सामान आणणं, फिटिंग त्याच्याकडे. शिलाई आणि मापं माझ्याकडे.

उत्तय्यासाहेब कोडगूचे, म्हणजे कूर्गचे. कॉफीच्या मळ्यावर उभा जन्म मॅनेजरकी करून शहरात राहायला आलेले. त्यांची गाडी पन्नासच्या दशकातली, इंग्रजी बनावटीची, दोन दारांची, कापडी टपाची. जुना टप फाटला होता आणि इथे तसा मिळत नव्हता. बहिणीनं तिकडून तयार टप पाठवला. तो यायला सात महिने लागले. रविवारी जुन्या गाड्यांची रॅली होती. आज मंगळवार.

"काही हरकत नाही सर," अण्णा म्हणाला. "पुढे दोन इंचांची पट्टी जोडून देतो. कळणारसुद्धा नाही."

"सरी, ठीक आहे. जोडा," साहेब म्हणाले.

मी टप हातातून खाली ठेवला नाही. म्हटलं, "जोड नको. जोड बरोबर काचेच्या वर येईल. वारा पहिला तिथेच लागतो. पाणी शिलाईतून आत उतरेल. आणि एकदा कात्री लावली की हा टप परतही पाठवता येणार नाही."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. अण्णाला विचारलं, "या कोण?"

"माझी बहीण. शिलाई हीच करते."

"मग शिलाईच करू दे की!"

अण्णाचा चेहरा पडला. तो मला बाजूला घेऊन गेला आणि आमच्या घरच्या मराठीत म्हणाला, "सुमे, गिऱ्हाईक हो म्हणतंय. तू का अडवतेस?"

"उद्या संध्याकाळपर्यंत थांब. तोवर कात्री लावू नको."

अण्णानं एकदा टपाकडे पाहिलं. मग साहेबांकडे जाऊन म्हणाला, "सर, एक दिवस द्या. उद्या सांगतो." ते कुरकुरत ऑटोत बसून गेले. त्या दिवशी अण्णानं माझी बाजू घेतली हे मी अजून विसरलेली नाही.

दुपारी जेवण झाल्यावर मी गाडीत जाऊन बसले आणि नुसती वर बघत राहिले. टपाच्या खाली लोखंडी कमानी असतात, छत्रीच्या काड्यांसारख्या. या गाडीला तीन होत्या. कमानी आपापल्या जागी राहाव्यात म्हणून दोन जाड पट्टे मागच्या बॉडीपासून पुढच्या चौकटीपर्यंत ताणलेले असतात. टप घातला की ते दिसत नाहीत, म्हणून कुणी त्यांच्याकडे लक्ष देत नाही. मीही दिलं नव्हतं. गाडीतलं सगळं कापड जुनं, तपकिरी पडलेलं. पट्टे मात्र पांढरे, नायलॉनचे.

मी साहेबांना फोन लावला. "सर, पट्टे कुणी बदलले?"

"चार वर्षांपूर्वी बदलले. जुने कुजले होते. का?"

"आणि टप कधी फाटला?"

"त्याच पावसाळ्यात," ते म्हणाले.

माझा संशय पक्का झाला. पट्टे लांब शिवले होते. त्यामुळे मागची कमान वर आणि पुढे सरकली होती. तिच्यावरून जाणाऱ्या कापडाला जास्त अंतर कापावं लागत होतं. जुन्या टपाला तो ताण सोसला नाही, म्हणून तो फाटला. नवा पुढे पोचतच नव्हता. माल बरोबर होता, सांगाडा चुकला होता.

पण पट्ट्यांची मूळ लांबी किती? पुस्तक नाही, दुसरी तशी गाडी शहरात माहीत नाही. जुन्या टपावर कमानीची घडी नक्की उमटलेली असणार. आणि जुना टप मी सोमवारीच कोपऱ्यावरच्या एळनीरवाल्या मुनियप्पाला देऊन टाकला होता! शहाळ्यांच्या गाडीवर त्यानं तो सावलीसाठी बांधला होता.

टेप घेऊन मी धावत गेले. मला बघून मुनियप्पा उठून उभा राहिला. "अक्का, परत नेणार की काय?"

"नाही रे. स्वल्प माप घेते."

त्यानं एक टोक सोडलं आणि टप उलटा करून मला दाखवला. आतल्या बाजूला दोन आडव्या रेघा होत्या. एक खोल, काळी, वर्षानुवर्षांची. दुसरी फिकी, तिच्यापासून पावणेदोन इंचांवर. फिकी रेघ चार वर्षांची, काळी मूळची. मी तीनदा मोजलं. मुनियप्पानं शहाळं फोडून दिलं, ते तिथेच उभ्यानं प्यायले.

बुधवारी काळ्या रेघेच्या मापानं नवे पट्टे शिवले. अण्णानं ते बसवले आणि नवा टप वर टाकला. आता फक्त पाव इंच कमी. हे थंड कापडाचं आखडणं होतं. गाडी गल्लीत ढकलून तासभर उन्हात ठेवली. कापड मऊ झालं आणि अण्णानं एका हातानं ओढून कड चौकटीवर आणली.

"बसला गं," तो हळूच म्हणाला, जणू मोठ्यानं बोललं तर पुन्हा आखडेल.

मग चुका मारल्या. चुका म्हणजे डोकं चपटं असलेले बारीक खिळे. आमच्या धंद्यात तेवढ्याच चुका मुद्दाम केलेल्या चालतात. शनिवारी उत्तय्यासाहेब आले. आम्ही पाइपानं पंधरा मिनिटं पाणी मारलं. साहेब आत बसून हातानं छत चाचपत होते. बाहेर आले ते कोरडे.

"कात्री लावली नाहीत ना?"

"नाही सर."

त्यांनी टोपी काढली आणि या वेळी माझ्याकडे बघून विचारलं, "अम्मा, तुमचं नाव काय?" मी सांगितलं. मग मापाच्या रेघांची हकिगत त्यांनी माझ्याकडून दोनदा ऐकली.

जाताना मी बजावलं, "दोन आठवडे टप खाली करायचा नाही. नवं कापड ताणून बसायला वेळ लागतो."

रविवारी अण्णा आणि मी रॅली बघायला गेलो. लख्ख ऊन. टपाच्या सगळ्या गाड्या उघड्या, माणसं हात हलवत चाललेली. त्यांत एकच गाडी टप लावून आली. आत उत्तय्यासाहेब घामाघूम, शेजारी त्यांच्या मिसेस वर्तमानपत्रानं वारा घेत होत्या. आम्हाला बघून साहेबांनी गाडी हळू केली, खिडकीतून बोट वर करून छत दाखवलं आणि ओरडले, "अजून तेरा दिवस!"

मिसेसनी माझ्याकडे जे पाहिलं, त्यात कौतुक फारसं नव्हतं.

पुढे मी कितीतरी टप बसवले. भाग बसत नसला की आधी सांगाडा मोजते. आणि बजावताना सांगते, एखाद्या दिवशी तासाभरासाठी उघडलात तर चालेल.