जोडडोंग्यातलं लेकरू

मला पोहता येत नाही, हे मी त्या गावात कोणालाच सांगितलं नव्हतं. उलट एकदा विचारलं गेलं, तेव्हा येतं म्हणून सांगून बसले होते.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. मी मूळची खामगावची. नुकतीच शिक्षिका झाले होते आणि पहिली नेमणूक मिळाली ती पूर्णेच्या काठावरच्या एका लहान गावात. शेगावपर्यंत रेल्वेनं आणि तिथून पुढे बैलगाडीनं. तो सगळा भाग खारपाणाचा. विहिरीचं पाणी इतकं खारट की त्यात डाळ शिजत नसे. त्यामुळे प्यायचं पाणी नदीचंच, आणि त्याच नदीत गुरं धुवायची, अंबाडीच्या पेंढ्या कुजवायच्या, मेलेलं जनावरही तिच्यातच ढकलून द्यायचं.

हे थांबवायचं मनावर घेतलं होतं गावातल्या शिंप्यानं. पन्नाशीचा, सडपातळ माणूस. सगळे त्यांना मामा म्हणत. पटकीच्या साथीत त्यांची बायको आणि थोरली मुलगी एकाच आठवड्यात गेल्या होत्या. ते स्वतः याबद्दल कधी बोलत नसत, मला शेजारणीनं सांगितलं. अमावस्येला गावात बैल जुंपत नसत, म्हणून माणसं मोकळी सापडत. त्या दिवशी मामा दारोदार जाऊन दहा-पंधरा जणांना गोळा करत. ही मंडळी डोहातल्या बाभळीच्या काटेरी फांद्या ओढून काढत, अंबाडीच्या पेंढ्या गावाच्या खालच्या अंगाला नेऊन टाकत, प्यायच्या पाण्याच्या जागेभोवती दगड रचत. मीही जाऊ लागले. माझं काम काठावरचं असे. पाण्यात पाय घालायची वेळ आली की मी काहीतरी निमित्त काढून मागे सरकत असे.

लहानपणी मी एका पायविहिरीत पडले होते. चुलतभावानं केसाला धरून वर काढलं. वरची उजेडाची चकती लहान होत गेलेली मला नीट आठवते. तेव्हापासून गुडघ्याच्या वर पाणी आलं की माझा श्वास अडकतो.

डोंग्याच्या फेऱ्या ही मामांचीच कल्पना. "काठावरून पाह्यली तं नदी परक्याची वाटते," ते म्हणत. "लोकायले एकडाव तिच्या पोटात बसवा. मंग पाहा, कचरा टाकताना हात थबकते का नाही." गावच्या भोयाकडे माणसं पलीकडे न्यायचे दोन डोंगे होते, सागाचं खोड कोरून केलेले. दोन्ही शेजारी ठेवून, वर फळ्या टाकून, अंबाडीच्या दोरानं बांधले की जोडडोंगा होई. हिवाळ्यात पाणी संथ असताना दर पंधरा दिवसांनी दहा-बारा जणांना घेऊन वरच्या वळणावरच्या महादेवापर्यंत जायचं, तिथे भाकरी खायची आणि परत यायचं. बायकांना हे फार आवडलं. जन्मभर त्या काठानं राहिलेल्या, पण आपलं गाव पाण्यावरून कसं दिसतं हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

कार्तिकातल्या फेरीला मामांनी मला बायकांबरोबर जायला सांगितलं. निघायच्या आधी ते प्रत्येकीला विचारत होते.

"बाई, पोहता येते ना तुमाले?"

दहा जणी ऐकत होत्या. त्यातल्या चार माझ्या वर्गातल्या मुलांच्या आया. मास्तरीणबाईला एवढंही येत नाही, असं व्हायला नको म्हणून मी म्हटलं, "हो, येतं थोडंफार."

"मंग तं बरंच झालं," मामा म्हणाले आणि न येणाऱ्या बायकांना आधार म्हणून मला मधोमध बसवलं.

माझ्या शेजारी मामांची सून बसली होती. विशीची, अंगानं बारीक. मांडीवर सहा महिन्यांचं लेकरू. मागच्या टोकाला भोई वल्हं घेऊन उभा, पुढे बांबू घेऊन मामा. भोयाची आई, साठीच्या पुढची बुढी, फळीवर पाय पसरून सुपारी कातरत होती.

जाताना काही झालं नाही. मी फळीची कड घट्ट धरून बसले होते, एवढंच. सून मला एकेक दाखवत होती. हे आमचं वावर, ही सासऱ्यांनी लावलेली जांभूळ. मी मान हलवत होते. महादेवाच्या ओट्यावर सगळ्यांनी भाकरी आणि वांग्याची भाजी खाल्ली. उत्तरेकडे सातपुडा काळा दिसत होता. त्यावर दोन दिवसांपासून ढग बसले होते, पण आमच्या डोक्यावर लख्ख ऊन होतं, म्हणून कुणी तिकडे लक्ष दिलं नाही.

परतीला निघालो तेव्हा दुपार कलली नव्हती. अर्ध्या वाटेवर आलो असू. भोई इतका वेळ गुणगुणत होता, तो एकाएकी गप्प झाला. मी मागे वळून पाहिलं. तो वाकून पाण्यात हात घालत होता. मग त्यानं पाण्यावरून एक पान उचललं आणि आईला दाखवलं. सागाचं मोठं पान होतं. आमच्या काठावर बाभूळ, बोर, जांभूळ. साग डोंगरातला.

बुढीनं अडकित्ता मिटून कमरेला खोचला.

"मामा," भोई हळूच म्हणाला, "पानी गार लागून राह्यलं. डोंगरातलं आहे. काठ धरा."

"किती टाइम आहे?"

"टाइम नाही."

त्याच्या आवाजात घाई नव्हती. पाण्यावर पिवळट फेस दिसू लागला. मग पाण्याचा रंग बदलला. हिरवट होतं ते मातीचं झालं, आणि डोंगा कुणी ढकलल्यासारखा पुढे सरकू लागला. दोन्ही बाजूंना मातीच्या उभ्या दरडी होत्या, चढायला जागा नव्हती. मामांचा बांबू आता तळाला टेकत नव्हता.

"कोनी हालू नका," भोई म्हणाला. "उठू नका. पुढच्या वळणाले उतार आहे, तिथं लावतो."

कुणी ओरडलं नाही. एक बाई तोंडातल्या तोंडात शेगावच्या महाराजांचं नाव घेत होती. फळ्यांमधल्या फटीतून पाणी वर येऊन माझ्या साडीला लागलं. मला पायविहीर दिसू लागली. हातांची बोटं फळीवर अशी आवळली होती की ती माझी आहेत की लाकडाची हे कळेना.

तेवढ्यात सुनेनं लेकरू माझ्या मांडीवर ठेवलं.

"बाई, तुमी घ्या याले," ती म्हणाली. "तुमाले पोहता येते. मले नाही येत. काही झालं तं याले तेवढं काठाले लावा."

मी लेकरू घेतलं. ते झोपलेलं होतं, कोमट, टाळूला तेल लावलेलं. सून माझ्याकडे पाहत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर जरासा धीर आलेला मला दिसला. तो पाहून मला जी भीती वाटली, तशी पाण्याची कधी वाटली नव्हती. मी किती वेळ गप्प होते कोण जाणे. वीस-पंचवीस श्वास असतील. एक मन म्हणत होतं, वळण जवळ आलंय, काही होणार नाही, कशाला बोलायचं. हे मी आजही कबूल करते. तेवढा वेळ मी खरंच गप्प बसले होते.

मग डोंगा एकदम कलला, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मला पोहता येत नाही."

"काय म्हनता?"

"येत नाही मला. मी खोटं बोलले."

सुनेनं लेकरू माझ्याकडून हिसकावलं नाही, फक्त तिचे हात पुढे आले आणि तिथेच थांबले, कारण घेऊन करणार काय होती ती. मागून बुढीचा आवाज आला.

"इकडं दे त्याले."

हातोहात लेकरू मागे गेलं. बुढीनं लुगड्याचा पदर सोडला, लेकराला छातीशी धरून दोन वेढे घेतले आणि पाठीमागे गाठ मारली. ते जागं होऊन रडू लागलं. "रड बाप्पा, रड," ती म्हणाली, आणि कासोटा घट्ट करून फळीच्या कडेला सरकून बसली.

वळणावर एक बाभूळ दरडीसकट पाण्यात पडलेली होती. भोयानं अंग झोकून वल्हं मारलं, पण पुढचं टोक तिच्यात घुसलंच. दोर तुटल्याचा आवाज झाला. दोन्ही डोंगे पुढच्या बाजूनं फाकले, मधल्या फळ्या सुटल्या आणि मी कमरेपर्यंत त्या फटीत गेले. खाली पायाला काहीच लागत नव्हतं. पाणी साडी ओढत होतं. माझ्या दंडाला कुणीतरी धरलं. ती सून होती. तिनं दोन्ही हातांनी धरलं, दात आवळले आणि मला वर डोंग्यात ओढून घेतलं. पुढे मामांनी फाकलेले डोंगे जवळ ओढायला हात मधे घातला, आणि प्रवाहानं ते परत एकमेकांवर आपटले. मामा ओरडले तेवढंच एकदा.

भोई बाभळीच्या फांदीवर उडी मारून तुटका दोर तिच्या बुंध्याला बांधत होता. त्याच फांद्यांना धरून, काटे हातात रुतवून घेत, एकेक करत आम्ही उतारावर चढलो. सगळ्यांत शेवटी बुढी आली, लेकरासकट. फेरीला आलेल्यांची नावं लिहिलेली माझी वही पाण्यात गेली होती, म्हणून बोटांवर मोजलं. सगळे होते. मामांच्या उजव्या हाताची दोन बोटं चेचली गेली होती. त्यांनी हात धोतराच्या सोग्यात गुंडाळला होता आणि ते चिखलात बसून राहिले होते.

ती बोटं पुढे मलकापूरच्या दवाखान्यात काढावी लागली. कात्री त्यांना परत नीट धरता आली नाही. गावात बोलणारे बोलले, नदीत मिरवायला गेले होते म्हणून. पुढच्या अमावस्येला मामा पट्टी बांधलेल्या हातानं काठावर हजर होते. माणसं आली मात्र चारच.

मी त्यांच्याकडे जाऊन खोटं बोलल्याबद्दल माफी मागितली. ते मशीनपाशी बसले होते.

"तुमाले एकटीलेच काय म्हनू," ते म्हणाले. "मीच ते दहा जनायच्या समोर इचारलं. कोन नाही म्हनंल?" मग म्हणाले, "पन लेकरू हातात होतं बाई. तेवढं ध्यानात ठेवा."

फेऱ्या त्या वर्षी बंद राहिल्या. पुन्हा सुरू करायच्या तर आधी पोहणं शिकवायचं, असं मामांनी ठरवलं, आणि बायकांना शिकवायचं काम बुढीनं घेतलं. उन्हाळा लागला, नदीचे डोह वेगळे पडले, तेव्हा दुपारी पुरुष मंडळी झोपलेली असताना ती अंगाला बांधून तरंगायचे दोन वाळलेले भोपळे घेऊन काठावर बसे. पहिले आठ दिवस कुणीच गेलं नाही.

सून माझ्याशी तोवर बोलत नव्हती. समोर आली तर पदर सारखा करून निघून जाई. एक दिवस शाळा सुटल्यावर ती दारात उभी राहिली.

"मी बुढीपाशी चालली," ती म्हणाली. "एकटीनं जायाची मले भीती वाटते. येता का?"

"मलाही वाटते," मी म्हटलं.

"ते मले मालूम आहे आता."

आम्ही दोघी गेलो. बुढीनं माझ्या पाठीला भोपळे बांधले आणि छातीइतक्या पाण्यात नेलं. माझा श्वास अडकला, मी तिच्या मानेला मिठी मारली. तिनं माझी बोटं एकेक करून सोडवली. त्या दिवशी मी पाण्यात जेमतेम आडवी झाले. काठावर सून आपली वेळ यायची वाट पाहत बसली होती. लेकरू तिच्या मांडीवर होतं. ती आत आली तेव्हा तिनं ते बुढीसोबत आलेल्या तिच्या नातसुनेकडे दिलं, माझ्याकडे नाही. मी हात पुढे केलाही नव्हता.