दोरा तुटला की सांगा

गिरणीच्या कॉम्प्युटर रूममध्ये दोन गोष्टी रोज साठायच्या, कापसाची धूळ आणि किस्से. धूळ निदान पुसता यायची!

सत्तरच्या दशकाचा शेवट. सोलापुरात कॉम्प्युटर बघायला लोक यायचे. आमचा प्रोग्राम एरवी गप्प असायचा. खाली मागावर दोरा तुटला की सिग्नल यायचा आणि हा मागाचा नंबर छापायचा. बस!

*

ऑपरेटर मल्लप्पा अक्कलकोटकडचा. चहाला जाताना तो स्टॉपचं बटण दाबायचा. प्रोग्राम जागीच मरायचा, टेपवरची नोंद अर्धी! म्हणून आमचे हेड कुलकर्णी सर यांनी सोय केली : स्टॉपचा सिग्नल आला की 'वेट' छापायचं, हातातली नोंद पुरी करायची, मगच थांबायचं.

मल्लप्पानं बटण दाबलं. 'वेट'. पुन्हा दाबलं. 'वेट'. तावातावानं माझ्याकडं आला.

"सायेब, ह्यो माझं ऐकत तर न्हायच, वर उलट बोलतोय की!"

*

मग सरांना चेव आला. थांबवायच्या कुठल्याच सिग्नलला दाद द्यायची नाही, असा प्रोग्राम त्यांनी लिहिला. संध्याकाळी तो बंदच होईना! शेवटी इलेक्ट्रिशियन रशीदभाईंनी मेन स्विच खाली ओढला.

"ये सिग्नल सबकू सुननाच पडता, साब!"

*

सर कँटीनमध्ये भाकरी आणि शेंगाचटणी खात होते. शिपाई आला, "मॅनेजर साहेब बोलावतात."

"नोंद घेतली," म्हणून सरांनी पुढचा घास घेतला.

थोड्या वेळानं मॅनेजर स्वतःच दारात. "कुलकर्णी, मी आलोय!"

"हा दुसरा सिग्नल, साहेब. रांगेत आहे!"

*

आणि चेअरमन आले तो दिवस! मशीन ठेवायचं की परत करायचं, ते त्या दिवशी ठरणार होतं. आमच्या नोकऱ्याही त्यावरच. नेमका त्या दुपारी एकही दोरा तुटेना. प्रिंटर ढिम्म. सरांना घाम फुटला. त्यांनी हळूच मल्लप्पाला खाली पिटाळलं, "मागावरच्या नरसय्यामामांना एक दोरा तोडायला सांग."

मल्लप्पा परत आला तो सगळ्यांसमोरच बोलला, "मामा न्हाय म्हणत्यात. जन्मभर दोरा जोडला, तोडू कसा, म्हणत्यात."

सरांनी डोळे मिटले.

चेअरमननी प्रिंटरकडं बघितलं, मग आमच्याकडं. "म्हणजे सांगण्यासारखं काही झालं नाही, तर हे बोलतच नाही?"

"नाही, साहेब," मी कसंबसं म्हणालो.

"ठेवा मग. आणि असलंच एक आमच्या बोर्ड मीटिंगला पाठवा!"