रत्नाक्काचा हापसा

माझी थोरली जाऊ रत्नम्मा हापसे दुरुस्त करायची. उदगीरच्या खालच्या अंगाला कुठल्याही गावात जाऊन विचारा, म्हाताऱ्या बाया अजून 'हापशावाली अक्का' म्हणून तिचं नाव काढतात. आता तिचे गुडघे गेले, घरोघरी नळ आले, हापसे उभ्या उभ्या गंजले. तरी वाटेत कुठं दांड्याची करकर ऐकली की ही बाई ऑटो थांबवायला लावते. मी नवं लुगडं नेसून तिच्यासंगं लग्नाला निघालेली, मुहूर्त टळून राहिला, आन् ही खाली उतरून दांडा हापसून बघून राहिली. लई राग येतो मला. पण माहेरी गेले की मी माझ्या नवऱ्याचं कौतुक सांगत न्हाई, अक्काचं सांगते.

ती शिकली कशी ते ऐका. उस्मानाबादेतून लातूर वेगळं निघालं, नवा जिल्हा झाला, पेढे वाटले, आन् पेढ्यांमागून दुष्काळ आला. आधी हापसा बिघडला की सांगावा उस्मानाबादेला जायचा. तिकडून गाडी येईपर्यंत रांगतं लेकरू पळायला लागायचं. नव्या जिल्ह्याकडं तर गाड्याच थोड्या. मग जिल्हा परिषदेनं आन् लातूरच्या एका संस्थेनं मिळून ठरवलं की पाणी बाया भरतात, तर हापसा दुरुस्त करायलाही बायांनाच शिकवावं. उदगीरला शिबिर लागलं. आमच्या गावातून कोण जाणार असं विचारल्यावर सगळ्या बाया पदर सारखे करायला लागल्या. अक्का म्हणाली, मी जाते. तिचे मालक, म्हणजे आमचे थोरले भाऊजी गुरुपादप्पा, किराणा दुकानात शेंगदाणे तोलत होते. त्यांनी तोलता तोलताच हाव, जा म्हटलं. आमच्या सासूबाई नीलम्मा एवढंच म्हणाल्या की पदर डोक्यावरून खाली पडला न्हाई पाहिजे.

शिकवायला हदगावकडचे शेषेराव मिस्त्री होते. त्यांनी पाना धरायला शिकवलं, पाइप ओढायला शिकवलं, आन् एक गोष्ट घोटून घेतली. हापसा उघडायचा तो गावासमोर, आत काय हाय ते सगळ्यांना दाखवायचं, काही झाकायचं न्हाई. गावाला कळलं तर गाव सांभाळतं. अक्कानं ते मनावर घेतलं, आन् तिथंच घोटाळा झाला.

ती पान्यांची पेटी घेऊन घरी आली, आन् थोड्याच दिवसांत आमच्या वेशीतल्या हापशानं पाणी द्यायचं सोडलं. अक्कानं पदर खोचला. आम्ही बाया दोन्ही बाजूंनी पाइप धरून वर ओढायला, पोरं ओरडायला, बाप्ये पारावरून शहाणपण शिकवायला. जत्रा भरली होती नुसती. पाइप वर आला, अक्कानं तळाचा भाग खोलला आन् आतलं झिजलेलं वायसर काढून सगळ्यांसमोर उंच धरलं. हे असं झिजतं म्हणून पाणी चढत न्हाई, आता नवं घालते, असं मोठ्यानं सांगितलं. मास्तरीणच वाटली मला ती.

आत्याबाई, म्हणजे आमच्या सासूबाई, पुढंच उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, कशाचं हाय ते?

अक्का म्हणाली, "चामड्याचं."

आता आम्ही लिंगायत. आत्याबाई रोज आंघोळ करून गळ्यातलं लिंग तळहातावर घेणार, त्याला पाण्यानं न्हाऊ घालणार, ते तीर्थ घेणार, आन् मगच तोंडात घास. हापसा बसल्यापासून लिंगाला त्याचंच पाणी. चामड्यातून आलेलं पाणी आपण लिंगाला घातलं हे कळल्यावर त्या बाईचा चेहरा असा उतरला की माझ्या हातातला पाइप सुटायला आला. अक्कानं नवं चामडं घालून हापसा चालू केला, पण आत्याबाई थांबल्या न्हाईत. घरी गेल्या आन् सांगितलं की हे पाणी मी लिंगाला घालणार न्हाई, आन् पूजा न्हाई तर जेवण न्हाई.

मला राहवलं न्हाई. मी म्हटलं, आत्याबाई, सासऱ्यांची मोट कशाची होती, चामड्याचीच ना? त्या शांतपणे म्हणाल्या की मोटेचं पाणी उसाला जात होतं, लिंगाचं पाणी मी आडातून पितळी पोहऱ्यानं काढत होते. आडाला तर तळ लागलेला. पलीकडच्या मळ्यातल्या विहिरीच्या तळाला थोडं पाणी होतं, इंजिनानंच वर यायचं, ते आणते म्हटलं. त्यांनी अक्काला हाक मारली आन् विचारलं, त्या इंजिनाच्या पाइपाला आत काय असतं? अक्काला खोटं बोलता आलं असतं. आम्ही सगळ्या डोळ्यांनी तिला खुणा करून राहिलो. ती म्हणाली, खाली झडप असते, तिलाही चामडं असतं. मी कपाळावर हात मारून घेतला.

आत्याबाई उपाशी बसल्या ही गोष्ट सांजेपर्यंत गावभर झाली. मोठी माणसं पारावर जमली. चन्नबसप्पा मामा गावात वयानं मोठे, त्यांचा शब्द कुणी खाली पडू देत न्हाई. त्यांनी अक्काला बोलावून सांगितलं की नीलम्मा जेवली तर पेटी तुझ्याकडं राहील, न्हाईतर ती लातूरला परत जाईल आन् हापशाचं काय ते जिल्ह्याची गाडी बघेल. कधी बघेल ते सगळ्यांना माहीत होतं. अक्काचे डोळे भरले. पण ती रडली न्हाई, विचार करत बसली.

सकाळच्या पहिल्या एसटीनं ती लातूरला गेली. तिला शिबिरातलं एक बोलणं आठवलं होतं, की रबराची वायसरं नवी निघालीत. जिल्हा परिषदेत नवीन आलेले इंजिनिअर साहेब होते. त्यांनी कपाट उघडलं तर वायसरं तशीच पडलेली. टिकतात का ते बघायला चालू हापसा उघडावा लागतो, आन् दुष्काळात चालू हापसा उघडू द्यायला एकही गाव तयार होत न्हाई, असं त्यांचं गाऱ्हाणं. अक्का म्हणाली, माझं गाव तयार हाय. तुम्ही वायसरं द्या, वर्षभर आम्ही सांभाळतो, दर महिन्याला काय झालं ते कळवतो. साहेबांना हर्ष झाला. त्यांनी तिला चहा पाजायला बघितलं, तर ही म्हणाली, नको, घरी सासू उपाशी हाय. स्वतः उपाशी हाय हे तिनं सांगितलं न्हाई. घरी तरी कुठं कुणाला सांगितलं होतं! तिच्या वाटणीची भाकर टोपल्यात तशीच होती, म्हणून मला कळलं.

दुपारच्या उन्हात ती उतरली ती थेट हापशावर. आम्ही पुन्हा पाइप ओढला. चन्नबसप्पा मामा छत्री घेऊन आले. आत्याबाईंना बाज टाकून दिली, त्या बाजेवर न बसता उभ्याच राहिल्या. त्यांनी वायसर हातात घेतलं, दाबलं, वास घेतला, विचारलं हे कोणत्या जनावराचं? अक्का म्हणाली, जनावराचं न्हाई, कारखान्यात होतं, मी साहेबांना दोन-दोनदा विचारून आले. आत्याबाईंनी ते भस्म लावून परत दिलं. वायसराला भस्म! पोरं खी खी करायला लागली, पण मामांनी छत्री उगारली तशी गप झाली.

दांडा हापसला. आधी नुसती हवा, मग गढूळ धार, मग निवळशंख पाणी. आत्याबाईंनी पहिलं पाणी जाऊ दिलं, दुसरं जाऊ दिलं, मग पितळी तांब्या धुऊन भरला. घरी जाऊन आंघोळ केली, डोळे मिटून पूजा केली. आम्ही सगळे दारात. मामाही दारात. तीर्थ स्वतः घेतलं, आन् मग त्यांनी हाक मारली, "रत्ना, इकडं ये."

अक्का उंबऱ्याशीच थांबली. कोपरापर्यंत काळी झालेली.

"आत्याबाई, हात गिरीसचे हायत. आन् गिरीस कशाचं असतं ते मी साहेबांना विचारलं न्हाई."

"मी तुला विचारलं का? हात पुढं कर."

अक्कानं काळा तळहात पुढं केला आन् आत्याबाईंनी त्यावर तीर्थ सोडलं. चन्नबसप्पा मामांनी हापशापाशी राहिलेली पान्यांची पेटी उचलून आमच्या ओसरीवर आणून ठेवली. मला इतका आनंद झाला की मी रडले. मग सासू-सुना शेजारी शेजारी जेवायला बसल्या, आन् माझ्या भाकरी काही पुरेनात.