जवळ घेणं

सकाळी समोरच्या गच्चीवर एक वानरी दुसरीच्या केसांतून बोटं फिरवत बसली होती, आणि मला वसुधा आठवली. तरुणपणी आम्ही दोघी मैत्रिणी मेळघाटात सागाची वाळकी पानं तुडवत वानरांच्या टोळीमागे हिंडायचो, संशोधनासाठी त्यांची विष्ठा गोळा करायचो. तिच्यातल्या संप्रेरकांवरून त्यांच्या जिवाला किती ताण आहे ते कळायचं. काय दिवस होते ते!

एकदा एका वानरीचं पिल्लू मेलं. ती ते छातीशी धरून बसून राहिली. मग टोळीतली एक म्हातारी वानरी आली, तिला चिकटून बसली आणि मुकाट्याने कुरवाळत राहिली.

वसुधाचं बाळही त्याच वर्षी गेलं होतं. ती एकदम म्हणाली, "सगळे समजूत घालून गेले गं. जवळ कुणी घेतलंच नाही."

मी तिला जवळ ओढलं. इतक्या महिन्यांनी ती पहिल्यांदाच रडली.