केसभर जास्त

ऑफिसात तिला सगळे गोलाताई म्हणत. अंगाने ती काडीपैलवान. नाव पडलं ते कामावरून. बावीस वर्षं ती छपाईची अक्षरं काढत आली होती आणि गेली दोन वर्षं एकाच फॉन्टला जुंपलेली होती. औषधांच्या खोक्यांसाठी हवा होता तो. वर्तुळावर बेतलेला, सगळीकडे सारखी जाडी, टोकं बोटांच्या पेरांसारखी गोल. आजारी माणसाला अक्षर टोचू नये, एवढंच कंपनीचं म्हणणं. तशी ही अक्षरं खेळण्यांवर, साबणावर, दातांच्या दवाखान्याच्या पाटीवर, जिथे म्हणून माणसाला चुचकारायचं असतं तिथे हजर असतातच.

गोलाची एक खोड असते. चौकोनी अक्षराशेजारी तेवढ्याच उंचीचं गोल ठेवलं, तर ते लहान दिसतं. म्हणून ते वर-खाली केसभर रेषेबाहेर काढायचं. हे तिला कुठल्या कॉलेजने नाही, आईने शिकवलं होतं. आईचं आयुष्य शिवणकामात गेलं. आता ती अठ्ठ्याहत्तरीला टेकली होती. "गोल खिसा दोन दोरे जास्त काप गं, नाहीतर चौकोनी खिशाशेजारी बिचारा दिसतो," असं ती म्हणायची. लेकीची अक्षरं डोळ्यांनी बघायची, एवढी एकच हौस तिला उरली होती. दर महिन्याला गोळ्यांचं खोकं आलं की उलटंसुलटं करून विचारायची, "हे तुझं का गं?"

फॉन्ट एकदाचा पुरा झाला. नव्या साहेबाने तो पडद्यावर तपासला, तर सगळी गोलं रेषेबाहेर! भला माणूस. त्याने एका झटक्यात चारशे अक्षरं रेषेवर आणून बसवली.

"घाईत राहून गेलं असेल तुमचं. मी करून टाकलं," तो म्हणाला.

"छपाईला गेलं?"

"गेलं. उद्या दुपारपर्यंत थांबवता येईल म्हणा. पण ताई, कोणाला दिसणार आहे ते?"

भांडायला हवं होतं. पण भांडायचं म्हणजे पुन्हा पहिल्यापासून समजावायचं, आणि बावीस वर्षं पालथ्या घड्यावर पाणी ओतून तिचे हात भरून आले होते. ती "बरं" म्हणाली आणि घरी जाऊन आडवी झाली. दुसऱ्या दिवशीची दुपार तशीच गेली.

दोन महिन्यांनी नव्या अक्षरांचं खोकं आलं. आईने चष्मा लावला, खिडकीपाशी जाऊन अक्षरांखालून नख फिरवलं.

"गोड आहे गं. पण गोलं चेपलीत. कोणीतरी अगदी रेषेवर कापलंय." मग मान वर करून तिने विचारलं, "हे तुझं का गं?"

गोलाताईने ते खोकं तिच्या हातातून घेतलं.

"नाही," ती म्हणाली. "माझं अजून यायचंय."

"वाटलंच मला," आईचा चेहरा खुलला. "तू असं कापलं नसतंस."